छंद, धंदा आणि आज्ञावलीचे भाडे

भिवंडी म्हटले की डोळ्यांसमोर यंत्रमाग उभा राहतो, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु माग केवळ सुतावर आणि विजेवर चालत नाही. पिकर फाटतो, दातेरी चाकाचा दात तुटतो, टॅपेटचे नाक झिजून बोथट होते, आणि यांपैकी एखादा भाग वेळेवर मिळाला नाही तर बीम भरलेला असूनही माग बसून राहतो. हे सुटे भाग घडविणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या लहान कारखान्यांचे एक जाळे मागांच्या आश्रयाने या शहरात वाढले. एक लेथ, एक ड्रिल, जोडणीची सामग्री आणि अनुभवी कारागिराचा हात, एवढेच यांचे भांडवल. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत या कारखान्यांना फारसे स्थान नाही. प्रत्यक्षात मात्र कापडाच्या प्रत्येक ताग्यामागे त्यांचा हिस्सा असतो.

या वर्गातील नव्या पिढीपुढे आज एक प्रश्न उभा आहे. वरकरणी तो क्षुल्लक वाटतो. घरातल्या एका टेबलावर मावेल असे, संगणकाच्या आज्ञेनुसार लाकूड, नायलॉन वा ॲल्युमिनियम कोरणारे यंत्र आता सामान्य तरुणाच्या आवाक्यात आले आहे. कोणी ते हौसेने जुळवतो, कोणी तयार आणतो. परंतु यंत्र आले म्हणजे काम झाले असे नाही. काय कापायचे याचे आरेखन आणि ते कसे कापायचे याचा मार्ग ठरविणारी आज्ञावली, म्हणजेच सॉफ्टवेअर, हवे. ते कोणते घ्यावे? महागडे की स्वस्त, भाड्याचे की मालकीचे, की चक्क चोरलेले? या निवडीत त्या तरुणाच्या खिशाचा प्रश्न आहेच. पण त्याहून मोठा प्रश्न या शहराच्या औद्योगिक स्वातंत्र्याचा आहे, आणि त्याची चर्चा होणे अगत्याचे आहे.

यंत्र स्वस्त झाले, मग खर्च कुठे गेला?

अशी यंत्रे स्वस्त का झाली, हे प्रथम पाहिले पाहिजे. २००५ मध्ये इटलीतील इव्हरिया येथे विद्यार्थ्यांसाठी ‘आर्डुइनो’ नावाचा एक साधा, स्वस्त इलेक्ट्रॉनिक फलक तयार झाला आणि त्याचा नकाशा सर्वांना खुला ठेवण्यात आला. २००९ मध्ये त्याच फलकावर चालणारी ‘जीआरबीएल’ ही नियंत्रक आज्ञावली जगापुढे आली. तीन अक्षांवर फिरणारे यंत्र चालविण्यासाठी पूर्वी जे नियंत्रक-कपाट हजारो रुपये मोजून घ्यावे लागे, त्याचे काम तळहाताएवढा फलक करू लागला. उरलेली सामग्री, म्हणजे मोटारी, स्क्रू, बेअरिंगे आणि पट्टे, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि नागदेवी स्ट्रीटवर मिळते. भिवंडीहून सकाळी निघालेला मनुष्य ती घेऊन संध्याकाळी परत येऊ शकतो.

परंतु अर्थव्यवहाराचा एक नियम असा की, साखळीतील एक दुवा स्वस्त झाला म्हणजे भाव वसूल करण्याची जागा दुसऱ्या दुव्याकडे सरकते. येथे तेच घडले आहे. यंत्रावर काम करण्याचे टप्पे तीन. पहिला आरेखनाचा: भागाचा आकार मापानिशी संगणकावर रेखाटणे. दुसरा मार्ग-आखणीचा: त्या आकारासाठी कापणारे हत्यार कोठून, किती खोल, किती वेगाने न्यायचे हे ठरविणे. सहा मिलिमीटर व्यासाच्या कटरने बाहेरची कड कापायची तर कटरचा मध्य रेषेपासून तीन मिलिमीटर बाहेरून गेला पाहिजे. आतला कोपरा कटरच्या त्रिज्येहून तीक्ष्ण निघूच शकत नाही. एका दमात फार खोल कापले तर कटर तुटतो. हा सारा हिशेब दुसऱ्या टप्प्यात होतो. तिसरा टप्पा नियंत्रणाचा: आखलेला मार्ग यंत्राकडून प्रत्यक्ष चालवून घेणे. तिसरा टप्पा जवळजवळ फुकट झाला आणि यंत्रही स्वस्त झाले. मोल वसूल करण्याची जागा उरली ती पहिल्या दोन टप्प्यांत.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मार्ग-आखणीतून जी आज्ञांची यादी निघते ती कोणा एका कंपनीच्या मालकीची नाही. ‘जी-कोड’ या नावाने ओळखली जाणारी ही भाषा आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या ६९८३ क्रमांकाच्या मानकात नोंदलेली आहे. तिचा उगम आकड्यांच्या आज्ञेवर चालणाऱ्या यंत्रांत आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेने १९५२ मध्ये अशा मिलिंग यंत्राचे प्रात्यक्षिक करून दाखविले, त्या वेळी आज्ञा छिद्रांच्या फितीवरून वाचल्या जात होत्या. छिद्रांनी यंत्राला आज्ञा देण्याची ही कल्पना मात्र त्याहून दीडशे वर्षे जुनी आणि मुळात विणकराची आहे. फ्रान्समधील लिआँ शहरात जॅकार्डने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी छिद्रांच्या पत्त्यांवर चालणारा माग सिद्ध केला. डॉबीच्या लाकडी पट्टीत खुंट्या ठोकून नक्षी ठरविणारा भिवंडीचा कारागीर आणि जी-कोड लिहिणारा तंत्रज्ञ हे एकाच घराण्यातले आहेत. तेव्हा ही विद्या भिवंडीला परकी आहे असे मानण्याचे काहीच कारण नाही.

मालकी गेली, भाडे आले

आता बाजारात काय मिळते ते पाहू. मोठ्या कारखान्यांसाठी असलेल्या आरेखन व मार्ग-आखणीच्या आज्ञावल्यांची किंमत लाखांच्या घरात जाते. त्या उत्तम आहेत यात वाद नाही. पाच अक्षांवर एकाच वेळी फिरणाऱ्या यंत्रावर विमानाचे पाते घडवायचे असेल तर त्यांना पर्याय शोधणे कठीण. परंतु मागाचे चाक घडविणाऱ्याला त्या परवडत नाहीत आणि त्यांची गरजही नाही.

दुसरा प्रकार भाड्याचा. पूर्वी आज्ञावली एकदा विकत घेतली की ती कायमची आपली होत असे. नवी आवृत्ती नको असेल तर जुनीवर दहा वर्षे काम करता येई. ऑटोडेस्क या अमेरिकी कंपनीने २०१६ मध्ये आपल्या बहुतेक आज्ञावल्यांचे कायमचे परवाने नव्याने विकणे बंद केले आणि वर्गणी हाच मार्ग ठेवला. इतर अनेक कंपन्यांनी तीच दिशा धरली. वर्गणी भरली तर आज्ञावली चालते. भरली नाही तर कारागिराने स्वतः रेखाटलेला नकाशाही त्याला नीट उघडता येत नाही. कुळाने वर्षानुवर्षे कसलेल्या जमिनीवरून खंड थकताच बाहेर पडावे, असा हा प्रकार होय.

याच कंपनीची ‘फ्यूजन’ ही आज्ञावली जगभरच्या हौशी यंत्रकारांत फार लोकप्रिय झाली, कारण आरेखन आणि मार्ग-आखणी हे दोन्ही तिच्यात एकत्र होते आणि हौशी माणसाला ती विनामूल्य दिली जात होती. २०२० च्या ऑक्टोबरपासून मात्र या विनामूल्य परवान्याला कात्री लागली. एका वेळी बदल करता येतील अशा आरेखनांची संख्या दहावर आली. हत्यार आपोआप बदलण्याची सोय गेली. सर्वांत बोलका बदल असा की, कापत नसताना हत्यार एका जागेहून दुसऱ्या जागी झपाट्याने नेण्याची जी आज्ञा असते, ती विनामूल्य परवान्यावर कापण्याच्याच मंद गतीने पार पाडली जाऊ लागली. यंत्राच्या अंगी धावण्याची ताकद आहे, पण परवाना त्याला चालायला लावतो. कंपनीने कोणताही कायदा मोडला नाही. आपली वस्तू कोणत्या अटीवर द्यायची हा तिचा अधिकारच आहे. पण फुकट म्हणून जे मिळाले होते ते मुळात दान नव्हते, तर ज्याची मुदत दात्याच्या मर्जीवर आहे असे उसनवार होते, एवढा बोध त्यातून घ्यावयास हवा.

यात कंपन्यांचा स्वभावदोष शोधण्याचे कारण नाही. हा मूल्यनिश्चितीचा साधा व्यवहार आहे. आज्ञावली लिहिण्यास प्रचंड खर्च येतो, पण लिहून झाल्यावर तिची आणखी एक प्रत काढण्यास जवळजवळ काहीच लागत नाही. अशा वस्तूची किंमत उत्पादनखर्चावर ठरत नाही, ग्राहकाची ऐपत पाहून ठरते. विद्यार्थ्याला फुकट, हौशी माणसाला अर्धवट फुकट, धंदेवाल्याला पूर्ण भावाने. विद्यार्थ्याच्या बोटांना एकदा त्या खिडक्यांची आणि बटणांची सवय लागली आणि त्याची सारी आरेखने त्या आज्ञावलीच्या खास स्वरूपात साठली, की दुसरीकडे जाण्याचा खर्च इतका वाढतो की वर्गणी देणेच सोयीचे वाटू लागते. मक्तेदारी बाजारात उभी राहण्याआधी सवयीत उभी राहते.

भिवंडीत छंद संपतो कुठे?

या सर्व परवान्यांच्या मुळाशी एक गृहीत आहे. हौशी मनुष्य वेगळा आणि धंदेवाईक वेगळा, हे ते गृहीत होय. फ्यूजनचा विनामूल्य परवाना घरगुती, बिगरव्यापारी कामापुरता असतो आणि त्यासाठी वर्षाची उलाढाल १००० अमेरिकी डॉलरपेक्षा कमी असावी लागते. अमेरिकेतील उपनगरात, मोटारीच्या गॅरेजमध्ये रविवारी खेळणी कोरणाऱ्या निवृत्त गृहस्थाला ही रेषा सहज समजेल. भिवंडीत ती कोठे ओढणार?

येथे तरुण मुलगा हौसेने घरावरची नामपट्टी कोरतो. ती पाहून शेजारचा दुकानदार तशीच मागतो आणि दोनशे रुपये हातावर ठेवतो. पुढच्या आठवड्यात मागवाल्याचे नायलॉनचे चाक येते. महिनाभराने जवळच्या ओतकाम करणाऱ्याकडून लाकडी पॅटर्नची विचारणा होते. छंद कधी संपला आणि धंदा कधी सुरू झाला, हे त्या मुलालाही सांगता येणार नाही. हजार डॉलर म्हणजे महिन्याला सात-साडेसात हजार रुपयांची उलाढाल. एवढ्यात घरभाडेही भागत नाही. म्हणजे तो पोट भरण्याइतके कमवू लागण्यापूर्वीच परवान्याच्या बाहेर पडतो आणि दरसाल पाच आकडी वर्गणी भरण्याच्या रांगेत उभा राहतो. भांडवल सर्वांत अपुरे असते नेमक्या त्याच वेळी भाडे सुरू होते.

भिवंडीच्या इतिहासाकडे पाहिले तर या प्रश्नाचे गांभीर्य अधिक स्पष्ट होते. हे शहर नव्या यंत्रांवर उभे राहिलेले नाही. मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले माग येथे आले, येथल्या फिटरांनी ते खोलले, दुरुस्त केले आणि पुन्हा चालविले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर मुंबईचे कापड ज्या वेगाने भिवंडीकडे वळले, त्यामागे हीच ताकद होती. जुना माग विकत घेता येत होता, तो आपल्या हाताने सुधारता येत होता, आणि अडचणीच्या वेळी विकताही येत होता. भिवंडीच्या लहान मालकाचे सारे अर्थकारण या जुन्या यंत्रांच्या बाजारावर उभे आहे. भाड्याच्या आज्ञावलीला जुना बाजारच नसतो. ती दहा वर्षे वापरली तरी मोडीत विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, मुलाच्या नावावर करता येत नाही. ज्या शहराची श्रीमंती वापरलेल्या यंत्रातून निघाली, त्या शहराला ही नवी व्यवस्था मुळातूनच प्रतिकूल आहे.

चोरीचा मार्ग

यावर अनेकांनी शोधलेला उपाय सर्वांना ठाऊक आहे, पण त्याविषयी उघड बोलले जात नाही. महागड्या आज्ञावलीची कुलूप तोडलेली प्रत शे-दोनशे रुपयांत किंवा मित्राकडून फुकट मिळते. ‘एवढ्या मोठ्या कंपनीचे काय बिघडते?’ असा युक्तिवादही तयार असतो. कायद्याच्या दृष्टीने तो टिकत नाही. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या ६३-ब कलमानुसार चोरीची आज्ञावली जाणूनबुजून वापरणाऱ्यास सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर व्यापारी लाभासाठी नसेल तर न्यायालयाला कैद माफ करण्याची मुभा आहे. पण छंद आणि धंदा यांतील रेषा जेथे पुसट आहे तेथे या सवलतीचा आधार कोणी किती घ्यावा?

नैतिक आणि कायदेशीर बाजू क्षणभर दूर ठेवली तरी आर्थिक बाजू उरतेच. चोरीची प्रत वापरणारा कारागीर कंपनीचे नुकसान करतो असे त्याला वाटते. वस्तुतः तो तिचा बिनपगारी प्रचारक असतो. तो तीच आज्ञावली शिकतो, शेजाऱ्याला शिकवितो, तिच्याच स्वरूपात आरेखने साठवितो. उद्या कारखाना वाढला, बँकेचे कर्ज घ्यायचे झाले किंवा एखाद्या मोठ्या ग्राहकाने हिशेब तपासले, की ती आज्ञावली पूर्ण भावाने घेण्यावाचून त्याला गत्यंतर राहत नाही. चोरी ही मक्तेदारीची शत्रू नाही. अनेकदा ती तिची पेरणी असते. आणि कुलूप तोडलेल्या प्रतीबरोबर कोणती कीड संगणकात शिरते, हे ती देणाऱ्यालाही ठाऊक नसते.

मुक्त आज्ञावल्या आणि त्यांच्या मर्यादा

तिसरा मार्ग मुक्त आज्ञावल्यांचा आहे. ‘फ्रीकॅड’ ही घन आकारांचे आरेखन करणारी आज्ञावली २००२ पासून जगभरचे स्वयंसेवक वाढवीत आहेत. तिची पहिली पूर्ण आवृत्ती, म्हणजे १.०, बावीस वर्षांनी, नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. मार्ग-आखणीचा विभाग तिच्यातच आहे आणि जीआरबीएल तसेच ‘लिनक्ससीएनसी’ या दोन्ही नियंत्रकांना समजेल असा जी-कोड ती काढून देते. सपाट नकाशांसाठी ‘लिब्रेकॅड’, अक्षरे व नक्षी यांसाठी ‘इंकस्केप’ आहे. लिनक्ससीएनसीचा उगम तर विशेष उद्बोधक आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने सरकारी खर्चाने यंत्र-नियंत्रक विकसित केला. तेथील सरकारी कामावर स्वामित्वहक्क नसल्यामुळे तो सर्वांना खुला झाला आणि पुढे स्वयंसेवकांनी वाढविला. सार्वजनिक पैशातून सार्वजनिक संपत्ती निर्माण झाल्याचे इतके स्वच्छ उदाहरण विरळा.

मुक्त आज्ञावली म्हणजे केवळ फुकट आज्ञावली नव्हे. तिची घडण पाहण्याचा, ती बदलण्याचा आणि दुसऱ्याला देण्याचा हक्क परवान्यातच लिहिलेला असतो. तो उद्या काढून घेता येत नाही. हौशी आणि धंदेवाईक असा भेद ती करीत नाही. नामपट्टी कोरा किंवा कारखाना चालवा, अट एकच.

तिच्या उणिवा झाकून ठेवणे मात्र प्रामाणिकपणाचे होणार नाही. फ्रीकॅड शिकण्यास कठीण आहे. तिच्या मांडणीत सफाई कमी आहे. आधीच्या टप्प्यात बदल केला की पुढचे आरेखन विस्कटण्याचा जो जुना दोष होता, तो १.० आवृत्तीत बराच सावरला असला तरी सवय होईपर्यंत नवशिक्याची दमछाक होतेच. अडले तर विचारायला कंपनीचा प्रतिनिधी येत नाही. कारागिराचा वेळ हाही खर्चच आहे. शिकण्यात चार महिने गेले तर ती आज्ञावली ‘फुकट’ म्हणता येत नाही. शिवाय या दोन टोकांच्या मध्ये एक मार्ग आहे, तोही विसरू नये. कोरीवकामासाठी आणि पॅटर्नसाठी काही लहान कंपन्या माफक किमतीत एकदाच विकत घेण्याच्या आज्ञावल्या देतात. ब्रिटनमधील वेक्ट्रिक ही त्यांपैकी एक. ज्याला वेळ कमी आणि थोडे पैसे आहेत, त्याने असा कायमचा परवाना घेतला तर त्यात अर्थशास्त्रीय दृष्ट्या काहीही गैर नाही. मालकीची वस्तू, मग ती साधी का असेना, भाड्याच्या भपकेबाज वस्तूपेक्षा लहान धंद्याला अधिक मानवते.

निवड करावी कशी?

निवडीचा निकष कामातून निघाला पाहिजे, जाहिरातीतून नव्हे. मागाच्या भागांचे उदाहरण घ्यावे. कापड गुंडाळून घेणाऱ्या रचनेतील बदलाचे चाक बदलले की इंचातील आडव्या धाग्यांची संख्या बदलते; म्हणून वेगवेगळ्या दातांची चाके लागतात. धोटा फेकणारे टॅपेट खालच्या शाफ्टवर बसते आणि तो शाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो; टॅपेटच्या कडेचा वळसा बिघडला की धोट्याची फेक बिघडते. हे सर्व आकार मूलतः सपाट आहेत: एका रेषेची आकृती आणि ठराविक जाडी. त्यांना पाच अक्षांची आज्ञावली लागत नाही.

घरगुती यंत्र बीडाचे चाक थेट कापू शकत नाही, हेही खरे. परंतु त्याच चाकाचा लाकडी पॅटर्न ते उत्तम कोरते, आणि त्या पॅटर्नवरून ओतकाम होते. बीड थंड होताना सुमारे एक टक्का आकसते. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा ठेवावा लागतो. जुना पॅटर्न-सुतार त्यासाठी खास वाढीव मापाची पट्टी वापरी. संगणकावर तेच काम एका आकड्याने होते. एवढे साधण्यासाठी मुक्त किंवा माफक किमतीची आज्ञावली पुरेशी आहे, याविषयी शंका नसावी.

मग पाहावयाचे ते चारच प्रश्न. आपली आरेखने ‘स्टेप’, ‘डीएक्सएफ’ अशा सर्वमान्य स्वरूपात बाहेर काढता येतात काय? आपल्या यंत्राच्या नियंत्रकाला समजेल असा जी-कोड मिळतो काय? इंटरनेट नसताना, जुन्या संगणकावर काम चालते काय? आणि उद्या चार पैसे मिळू लागले तर परवाना बदलावा लागतो काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ आले तर बाकीचे गुण पाहण्याची गरज नाही. आरेखन ही कारागिराची मिळकत आहे. तिची किल्ली दुसऱ्याच्या हाती देणे हा तोट्याचाच व्यवहार होय.

समाजाचे कर्तव्य

तथापि हा सारा भार एकट्या तरुणावर टाकणे अन्यायाचे होईल. मुक्त आज्ञावलीचा खरा खर्च शिकण्याचा आहे, आणि शिक्षणाचा खर्च समाजाने उचलावा हे तत्त्व नवे नाही. महाराष्ट्रात त्याची उदाहरणेही आहेत. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करीत शिकणे हे त्याचे सूत्र होते. मॅसॅच्युसेट्सच्या त्याच संस्थेच्या सहकार्याने २००२ मध्ये तेथे ‘फॅब लॅब’ उभी राहिली. जगातील अगदी आरंभीच्या अशा प्रयोगशाळांत तिची गणना होते. खेड्यातील मुलगा संगणकावर आकृती काढून ती यंत्रावर घडवू शकतो, हे तेथे केव्हाच सिद्ध झाले आहे. मुंबईच्या आयआयटीने ‘स्पोकन ट्युटोरियल’ या प्रकल्पातून मुक्त आज्ञावल्यांचे छोटे छोटे दृक्-श्राव्य धडे भारतीय भाषांत आणले. त्यांत मराठीही आहे. केरळने तर शाळांतील संगणक शिक्षण मुक्त आज्ञावल्यांवर उभे केले. केंद्र सरकारने २०१५ मध्ये सरकारी कामासाठी मुक्त आज्ञावल्यांना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. धोरण आहे, उदाहरणे आहेत. कमतरता आहे ती गावपातळीवर अंमल करण्याची.

भिवंडीपुरते बोलावयाचे तर १ एप्रिल २०१७ रोजी ‘पॉवरटेक्स इंडिया’ ही यंत्रमाग विकासाची केंद्रीय योजना याच शहरातून सुरू करण्यात आली. साध्या मागांना ताणा-बाणा तुटताच माग थांबविणारी साधने बसविण्यास त्या योजनेत अनुदान होते. माग सुधारण्यासाठी पैसा देणाऱ्या सरकारने मागाचा भाग घडविणाऱ्या हाताचाही विचार करावयास हवा होता. त्यासाठी फार मोठा खर्च लागणार नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत एका विशिष्ट कंपनीच्या आज्ञावलीऐवजी आरेखनाची तत्त्वे आणि एक मुक्त आज्ञावली शिकविली जावी. यंत्रमागाच्या प्रचलित सुट्या भागांची अचूक आरेखने सर्वमान्य स्वरूपात तयार करून ती सर्वांना खुली करावीत. साधा माग हा एकोणिसाव्या शतकातील लँकेशायरचा वंशज आहे; आपल्या कायद्यात एकस्वाची मुदत वीस वर्षांची असताना त्याच्या चाका-टॅपेटांवर आज कोणाचा हक्क उरलेला नाही. अशा आरेखनांचे एक सार्वजनिक भांडार तयार झाले तर ते कोणत्याही अनुदानापेक्षा अधिक काळ उपयोगी पडेल. आणि त्याबरोबरचे धडे मराठीत तर हवेतच. पण उर्दू, हिंदी आणि तेलुगू भाषांतही हवेत, कारण भिवंडीचा माग या चारही भाषांत बोलतो.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, चाकण-भोसरीचे मोठे कारखाने महागड्या आज्ञावल्याच वापरतात. मग मुक्त आज्ञावली शिकून नोकरी कशी मिळेल? हा आक्षेप निराधार नाही. परंतु ज्याला माप, मर्यादा, कटरचा वेग आणि मार्गाचे तर्कशास्त्र समजले त्याला बटणांची जागा बदलली तर थोड्या सरावाने काम जमते. ज्याला केवळ बटणे शिकविली त्याला आवृत्ती बदलली तरी अडते. दुसरा आक्षेप असा की, रेपियरसारखे बिनधोट्याचे माग येत आहेत, जुने माग भंगारात जात आहेत, गावाभोवती मागांपेक्षा गोदामेच अधिक दिसू लागली आहेत. मग जुन्या मागांच्या भागांसाठी एवढा खटाटोप कशाला? पण प्रश्न मुळात भागांचा नाहीच. माग गेल्यावर या शहराच्या हाती काय उरणार, हा आहे. गोदामातील हमाली उरावी की कोणतीही वस्तू मापात घडविण्याची विद्या उरावी, याचा निर्णय आजच्या शिक्षणावर अवलंबून आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्कर हे नांगराचे कारखानदार होण्यापूर्वी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेत यांत्रिक आरेखन शिकवीत असत, हे अनेकांना ठाऊक नसते. महाराष्ट्राच्या यंत्रोद्योगातील एका मोठ्या घराण्याची सुरुवात अशी कागदावरच्या रेषेपासून झाली. ती रेषा त्यांची स्वतःची होती. ती काढण्यासाठी त्यांना कोणाला वर्गणी द्यावी लागली नाही. आज कागदाची जागा संगणकाच्या पडद्याने घेतली आहे आणि पेन्सिलीची जागा आज्ञावलीने. भिवंडीतील एखाद्या गल्लीत पहिले चाक कोरणाऱ्या तरुणाला आपली रेषा आपल्या मालकीची ठेवता यावी, एवढी व्यवस्था करणे शासनाला, शिक्षणसंस्थांना आणि उद्योजकांच्या संघटनांना अशक्य नाही. ती न केल्यास माग स्वतःचा आणि आरेखन दुसऱ्याचे, अशी परिस्थिती येईल. आणि असल्या मालकीला मालकी म्हणता येणार नाही.